कठीण काळात मुलांची श्रद्धा आणि धर्मग्रामाची शाळा कोणी सांभाळायची?

किनारवाट (धागा सुरू करणारी)

सर्वांना नमस्कार. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरील एका मराठी माध्यमाच्या कॅथलिक शाळेत मी अनेक वर्षे शिकवते आणि रविवारी मिस्सा (चर्चमधील सामूहिक उपासना) झाल्यावर मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्गही घेते. आमचा सिंधुदुर्ग धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतील क्षेत्र, २००५ मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे त्यात येतात. क्षेत्र मोठे आणि लोक विखुरलेले. वसईसारखी एकाला एक लागून ख्रिस्ती गावे आमच्याकडे नाहीत, त्यामुळे रविवारी चर्चमध्ये भेटणाऱ्या आमच्या घरांना आठवडाभर जोडून ठेवणारी जागा म्हणजे शाळा.

गेल्या काही वर्षांत या शाळांवर एकामागून एक संकटे आली आणि त्या काळात जे पाहिले त्यावरून माझे एक मत ठाम झाले आहे. मुलांची श्रद्धा आपण शाळेच्या आणि रविवारच्या वर्गाच्या हवाली केली, घरे मात्र तशीच राहिली. शाळा बंद पडताच ही उणीव उघडी पडली. यापुढे शाळेने आणि धर्मग्रामाने, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या स्थानिक ख्रिस्ती समाजाने, आपले बळ वर्गापेक्षा घरांवर अधिक खर्च केले पाहिजे, असे मला वाटते.

२५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली तेव्हा ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सुरू होता. २७ मार्चला पोप फ्रान्सिस यांनी पावसात, रिकाम्या संत पीटर चौकात केलेली प्रार्थना आमच्यापैकी अनेकांनी मोबाइलवर पाहिली. १२ एप्रिलचा ईस्टर प्रत्येकाने आपापल्या घरी काढला. राज्यातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा उघडली. ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीचे वर्ग त्याच्या तीन दिवस आधी, ४ ऑक्टोबरला भरले. म्हणजे दीड वर्षाच्या बहुतांश काळात मुलांना ना शाळा होती, ना वेदीसमोरचा रविवार. प्रथम ख्रिस्तशरीर संस्काराची (मिस्सात पहिल्यांदा पवित्र भाकर स्वीकारण्याची) तयारी करणारी मुले अर्ध्यावर थांबली.

ऑनलाइन वर्गासाठी रेंज शोधत मुले सड्यावर चढत असत. ज्यांच्या घरी एकच फोन होता आणि तो वडिलांबरोबर होडीवर जात असे, त्या मुलांसाठी आम्ही हाताने प्रश्नपत्रिका लिहून रेशनच्या दुकानात ठेवत असू. पाचवीच्या एका मुलीने परत पाठवलेल्या कागदाच्या समासात पेन्सिलीने लिहिले होते, ‘बाई, आमच्याकडे रोज रोजरी असते. आजी सांगते. आजी विसरली की दादा पुढचे रहस्य सांगतो.’ रोजरी म्हणजे माळेवर म्हणायची मारियेची प्रार्थना, आणि रहस्ये म्हणजे ती म्हणताना टप्प्याटप्प्याने आठवायचे येशू-मारियेच्या जीवनातील प्रसंग. त्या मुलीच्या घरी छप्पर गळत होते, वडिलांचे काम बंद होते. पण शाळा उघडल्यावर ती जशीच्या तशी येऊन वर्गात बसली. ज्यांच्या घरी संध्याकाळची प्रार्थना आधीच बंद झाली होती, ती मुले मात्र चर्चची दारे उघडल्यानंतरही कित्येक महिने आली नाहीत, आणि त्यांच्यातली काही अजूनही येत नाहीत. अभ्यासात ही मुले कोणाच्या मागे नव्हती. फरक घरातल्या त्या अर्ध्या तासाचा होता.

जगभरातील कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ख्रिस्ती शिक्षणविषयक जाहीरनाम्यात (२८ ऑक्टोबर १९६५) आई-वडील हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. साठ वर्षे आपण हे वाक्य प्रवचनांत ऐकत आलो. पालकांना त्यासाठी तयार करण्याचे काम कोणी, कधी आणि कसे करायचे, हा माझा प्रश्न आहे. आपल्या गावी काय घडले, काय उपयोगी पडले आणि कशाचा उपयोग झाला नाही, ते कृपया सविस्तर लिहावे.

वसईची आई

ताई, आपला धागा मनापासून आवडला, पण एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. आमच्याकडे ख्रिस्ती वस्ती दाट आहे. वसई धर्मप्रांत १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा झाला तेव्हापासून धर्मशिक्षणाची घडीही चांगली बसली आहे आणि रविवारचे वर्ग बहुतेक ठिकाणी धर्मगुरू नसलेली प्रापंचिक माणसेच घेतात. तरीही घरे रिकामीच आहेत, आणि त्याचे कारण श्रद्धेचा अभाव हे नाही. पहाटेची लोकल धरून रात्री नऊला परतणाऱ्या आई-वडिलांना ‘तुम्हीच पहिले शिक्षक’ असे सांगितले की त्यांच्या मनात अपराधीपणाशिवाय काहीच उरत नाही. मी त्यांच्यातलीच एक आहे.

आमच्या आळीत उपयोगी पडला तो शेजार. मे आणि ऑक्टोबर हे मारियेचे महिने. त्या महिन्यांत संध्याकाळी क्रुसाजवळ रोजरी आणि लितानी (आळवणीची प्रार्थना) होत असे. टाळेबंदीनंतर ती प्रथा आमच्या लहान ख्रिस्ती समूहाने पुन्हा नेटाने सुरू केली, वर्षभर दर आठवड्याला एका घरी अशी तिची आखणी केली आणि वाचन करण्याचे काम मुलांकडे सोपवले. ज्या घरी त्या आठवड्याला प्रार्थना असते त्या घरातील मूल शुभवर्तमानाचा उतारा आदल्या दिवशीपासून मोठ्याने वाचून पाहते. शेजारच्या काकू, समोरचे आजोबा, कॉलेजात जाणारा कोणाचा तरी भाऊ असे सगळे त्या मुलाचे शिक्षक होतात. एकट्या जोडप्याला जे झेपत नाही ते आळीला झेपते.

आणखी एक गोष्ट. आमच्या घरांत मराठीतून धार्मिक वाचन टिकले ते ‘सुवार्ता’ मासिकामुळे आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्या धर्मगुरूंच्या लेखनामुळे. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, आणि २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले तेव्हा आमच्या आळीतील ख्रिस्ती नसलेली माणसेही हळहळली. आमची मुले आता इंग्रजी माध्यमात शिकतात, त्यामुळे त्यांना मराठी प्रार्थना पाठ असते पण तिचा अर्थ उमगत नाही. शाळेची निवड करताना हा विचार आम्ही पालकांनी केला नव्हता.

देवगडकर पालक

मी हिंदू आहे, आणि माझी मुलगी अशाच एका शाळेत सातवीत शिकते. या चर्चेत बोलावे की नाही याचा विचार करत होतो, पण आमच्यासारखी घरे या शाळांत ख्रिस्ती घरांपेक्षा संख्येने जास्त असतात, म्हणून लिहितो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने आमच्या बागेतला उरलासुरला हापूस एका रात्रीत जमिनीवर आणला. त्या वर्षीची फी मला वेळेवर भरता आली नाही. शाळेने एका शब्दाने विचारले नाही. सिस्टर घरी आल्या, बाग पाहिली, आईशी बोलल्या आणि मुलीची पुस्तके देऊन गेल्या. आमच्या घरी त्या शाळेबद्दल जो आदर आहे तो तेव्हापासूनचा आहे.

माझा प्रश्न एवढाच की आपण सगळे घरांवर लक्ष द्यायचे म्हणता तेव्हा त्यात आमची घरे आहेत का? आणि सकाळच्या प्रार्थनेत माझी मुलगी उभी राहते याचा मला आनंदच आहे, पण गावात त्यावरून कुजबुज होते तेव्हा नेमके काय उत्तर द्यावे हे मला समजत नाही.

निवृत्त मुख्याध्यापक

देवगडकर साहेब, आपल्या दुसऱ्या प्रश्नाला राज्यघटनेत स्वच्छ उत्तर आहे. कलम २८ च्या तिसऱ्या उपकलमानुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कोणत्याही विद्यार्थ्याला त्याच्या, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकांच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. म्हणूनच बहुतेक कॅथलिक शाळांत ख्रिस्ती मुलांचा धर्मशिक्षणाचा आणि इतर मुलांचा मूल्यशिक्षणाचा तास एकाच वेळी वेगवेगळ्या वर्गांत होतो. माझा सर्व शाळांना आग्रह आहे की ही संमती तोंडी गृहीत धरू नये. प्रवेशाच्या वेळीच साध्या मराठीत लिहून घ्यावी आणि सही न करणाऱ्या पालकाला कोणतेही स्पष्टीकरण विचारू नये. कठीण काळात अफवा लवकर पसरतात, आणि फायलीत नीट ठेवलेला एक कागद अशा वेळी शाळेचे आणि मुलाचे दोघांचेही रक्षण करतो.

कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने शिक्षणहक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही असा निकाल दिला. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाबद्दल शंका व्यक्त केली आहे, त्यामुळे पुढे काय होईल ते पाहावे लागेल. पण कायद्याने पंचवीस टक्के जागा राखून ठेवायला लावल्या नाहीत म्हणून गरीब मूल आपल्या दारातून परत जाणार असेल, तर त्या हक्काचा आपण काय उपयोग केला? ताईंनी उल्लेख केलेल्या त्याच जाहीरनाम्यात गरिबांची, कुटुंबाच्या मायेला पारखी झालेल्या मुलांची आणि ख्रिस्ती नसलेल्या मुलांची विशेष काळजी घेण्यास सांगितले आहे.

आता ताईंच्या मूळ मुद्द्याकडे येतो. घरे पिंजून काढा हे म्हणणे योग्य आहे, पण ते करणार कोण? मराठी शाळांचा पट, म्हणजे विद्यार्थिसंख्या, घसरतो आहे. संच मान्यता (शिक्षकांच्या पदांची सरकारी मंजुरी) पटावर ठरते, पट घसरला की शिक्षकाचे पद जाते, तो अतिरिक्त ठरतो, दुसरीकडे समायोजित होतो आणि मागे राहिलेल्या शिक्षकांवर दोन-दोन विषय येतात. त्यात ऑनलाइन माहिती भरण्याचे काम संपता संपत नाही. अशा शिक्षकाला संध्याकाळी घरोघरी जा असे सांगणे मला अन्यायाचे वाटते. माझे मत असे की जवळजवळच्या दोन क्षीण शाळा एकत्र कराव्यात, मनुष्यबळ एका ठिकाणी आणावे आणि मग गृहभेटींचा विचार करावा. हे मत अनेकांना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे.

एका गोष्टीचा मात्र ताबडतोब विचार व्हावा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आणि शाळेची फी, गणवेश, वह्या, रेनकोट हा सगळा खर्च नेमका जूनमध्ये येतो. होडी किनाऱ्यावर ओढलेली असताना मच्छीमाराने पैसे आणायचे कुठून? माझ्या सेवाकाळात आम्ही कोळी आणि गाबीत घरांसाठी फीची मुदत नारळी पौर्णिमेनंतर ठेवली होती. फी बुडाली नाही, उलट उधारी आणि त्यापायी होणारी मुलांची गैरहजेरी कमी झाली. ज्या घरी सावकार येतो त्या घरी संध्याकाळची प्रार्थना शांतपणे होत नाही, हेही श्रद्धेच्या संगोपनात धरले पाहिजे.

रेवदंडा खाडी

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, दिवेआगरकडे नारळी-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या झोपल्या. टाळेबंदी आधीपासून होतीच, त्यामुळे मदतीला बाहेरून माणूस येणेही अवघड होते. आमच्या बाजूला कोर्लई गावाचे उदाहरण देण्यासारखे आहे. १७४० मध्ये पोर्तुगीजांनी हा भाग मराठ्यांना दिला, तरी तिथल्या कॅथलिक घरांनी पोर्तुगीजमधून उपजलेली आपली बोली आणि आपला धर्म दोन्ही आजपर्यंत जपले. घरात ती बोली, चर्चमध्ये आणि शाळेत मराठी. कोणत्याही शाळेने ती बोली शिकवलेली नाही. घरातील मोठ्यांच्या तोंडून मुलांनी ती उचलली. त्यामुळे ताईंच्या म्हणण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

एक धर्मभगिनी

मी दहावीच्या मुलांना शिकवते. घर आणि शाळा यांच्या पलीकडे एक जागा आहे, ती म्हणजे मुलाचे स्वतःचे मन, आणि तिच्याबद्दल अजून कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते.

दुसऱ्या लाटेत वडील गेलेल्या एका मुलाने मला विचारले, ‘सिस्टर, आम्ही नऊ दिवस नोवेना केली, मग बाबा का गेले?’ वर्गात सगळे ऐकत होते. देवाची इच्छा होती, देवाला चांगली माणसे हवी असतात, अशी उत्तरे आपल्या तोंडात बसलेली असतात. ती देऊ नयेत असे मला कळकळीने सांगायचे आहे, कारण ती ऐकून मूल गप्प होते आणि आपण समजतो की त्याचे समाधान झाले. बायबलमध्ये, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र प्रथम सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. त्यांनी चूक केली ती बोलायला तोंड उघडल्यावर. मी त्या मुलाला सांगितले की मला उत्तर ठाऊक नाही, आणि तास संपल्यावर त्याच्याबरोबर बाविसावे स्तोत्र वाचले. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे येशूने क्रुसावर उच्चारलेले शब्द त्या स्तोत्राची पहिली ओळ आहेत, हे त्याला माहीत नव्हते. देवाला असा प्रश्न विचारणे हीदेखील प्रार्थनाच असते, एवढे त्याला त्या दिवशी उमगले. तो अनेक महिने मिस्साला आला नाही. मी त्याला बोलावले नाही, पण त्याची चौकशी करणे कधी थांबवले नाही. पुढे तो आपल्या धाकट्या बहिणीला सोडायला चर्चच्या पायरीपर्यंत येऊ लागला, आणि आज तो आत येतो.

त्या काळात अनेकांचे अंत्यविधी घरच्यांना नीट करता आले नाहीत. म्हणून २०२१ मध्ये २ नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनानिमित्त, दिवाळीच्या सुट्टीनंतर, आम्ही शाळेतील प्रत्येक मुलाला आपल्या घरातल्या गेलेल्या माणसाचे नाव लिहून देण्यास सांगितले. ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान अशा सगळ्या घरांची नावे आली. प्रार्थनासभेत ती एकेक करून वाचली. नाव वाचले की ते मूल पुढे येऊन एक फूल ठेवत होते. देवगडकर दादा, आपल्या पहिल्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर हेच आहे.

वसईची आई

सिस्टर, आपले लेखन आमच्या समूहातील सर्व पालकांना वाचून दाखवणार आहे. मुख्याध्यापक सर, शाळा एकत्र करण्याबाबत मात्र विचारावेसे वाटते. लहान गावातली शाळा बंद झाल्यावर दहा-बारा वर्षांची मुलगी एसटीने रोज किती लांब जाणार, आणि एसटी वेळेवर येणार का?

किनारवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वसईच्या ताईंचा आक्षेप मला पटला. ज्या आई-वडिलांना वेळच उरत नाही त्यांच्यावर आणखी एक ओझे टाकण्यापेक्षा वाडीतील चार घरांनी मिळून ती जबाबदारी उचलावी, हे अधिक योग्य आहे. आमच्याकडे ख्रिस्ती घरे दूर दूर असल्याने दर आठवड्याला जमणार नाही. पण महिन्यातून एकदा एका वाडीतल्या घरी आणि पावसाळ्यात शाळेच्या सभागृहात, असे करता येईल. सुगीच्या सणाला नवे भात चर्चमध्ये येते तेव्हा सगळे आपोआप जमतात, तिथून आरंभ करावा असे मी आमच्या फादरांना सुचवणार आहे.

मुख्याध्यापक सरांशी मी एका बाबतीत सहमत नाही. शाळा एकत्र केल्याने शिक्षक वाचतील, पण ज्या गावातील शाळा उठेल तिथल्या ख्रिस्ती घरांना रोज एकत्र आणणारी एकमेव जागा जाईल, आणि देवगडकर दादांसारख्या घरांशी असलेला आमचा संबंधही तुटेल. एसटीचा प्रश्न तर आहेच. गृहभेटी शिक्षकांनीच कराव्यात असे माझे म्हणणे नाही. निवृत्त शिक्षक, माजी विद्यार्थी, मुंबईहून मे महिन्यात गावी येणारे चाकरमानी, गरिबांना मदत करणाऱ्या संत विन्सेंट डी पॉल संस्थेचे सभासद अशी माणसे धर्मग्रामात असतात. त्यांना कोणी नेमून दिलेले काम नसते एवढेच. शिक्षकाने फक्त कोणत्या घरी जाण्याची गरज आहे ते सांगावे, कारण मूल डबा आणत नाही, गृहपाठ थांबले आहे किंवा सतत झोपेला आले आहे हे प्रथम त्याच्याच लक्षात येते.

फीची मुदत नारळी पौर्णिमेनंतर ठेवण्याची सूचना मी आमच्या व्यवस्थापन समितीपुढे लेखी मांडणार आहे. आंबा-काजूवाल्या घरांसाठी तशीच मुदत एप्रिल-मे मध्ये, हंगामाचा पैसा हातात असताना, आगाऊ भरण्याची सोय म्हणून देता येईल का, यावर देवगडकर दादांचे मत हवे आहे.

देवगडकर पालक

अवश्य देता येईल, पण सक्ती नको. ज्या वर्षी मोहोर करपतो किंवा वादळ येते त्या वर्षी मे महिन्यातही हात रिकामेच असतात, त्या घरांना दिवाळीपर्यंत थांबण्याची मुभा असावी. आणि भेटी देणाऱ्यांच्या यादीत माझे नाव घालावे. आमच्या वाडीतील सात-आठ मुले त्या शाळेत आहेत, त्यांच्या घरी मी जाईन.

निवृत्त मुख्याध्यापक

शाळा एकत्र करण्याबाबत माझे मत कायम आहे, पण अंतर आणि एसटीचा मुद्दा मी कमी लेखला होता हे मान्य करतो. जिथे दुसरी शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहे तिथेच हा विचार व्हावा. पालकांच्या संमतीच्या अर्जाचा मराठी मसुदा माझ्याकडे आहे. तो पानभराचा असून त्यात धर्मशिक्षण, मूल्यशिक्षण आणि सकाळची प्रार्थना या तिन्हींसाठी वेगवेगळ्या ओळी आहेत, म्हणजे पालकाला एकाला होकार आणि दुसऱ्याला नकार देता येतो. ज्यांना हवा असेल त्यांनी येथे कळवावे, या रविवारी टंकून देतो.